छर्रा, आडोसा आणि घड्याळ

एअरसॉफ्टच्या बंदुकीतून सुटणारा प्लॅस्टिकचा छर्रा ६ मिलिमीटर व्यासाचा आणि बहुधा ०.२ ग्रॅम वजनाचा असतो. नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा साधारण एक ज्यूल. इतक्या हलक्या वस्तूला हवा फार वेळ पळू देत नाही. ढोबळ हिशेब केला तर तीस मीटर गाठायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, चाळीस मीटरला जवळजवळ पूर्ण सेकंद, आणि पन्नाशीच्या पुढे तो कुठे जाईल हे वाराच ठरवतो. जीव खाऊन पळणारा माणूस एका सेकंदात पाच मीटर जातो. शिवाय दाट पानांचे झुडूप या छर्‍याला अडवते किंवा निदान भलतीकडे वळवते. खऱ्या गोळीला त्या झुडपाची दखलही नसते. या खेळाचे निम्मे डावपेच एवढ्या माहितीतूनच निघतात, आणि तरीही बहुतेक नवखे खेळाडू अभ्यासाला बसतात ते सैन्याची नियमावली उघडून.

नियमावलीत वावगे काही नाही. ती अनुभवी माणसांनी, पुष्कळ रक्त सांडल्यावर लिहिलेली असते. पण ती एका गृहीतावर उभी असते: समोरच्या माणसाला मरायचे नाही. एअरसॉफ्टमध्ये समोरच्या माणसाला मरायला फारसे काही वाटत नाही. हात वर करून, ‘हिट’ म्हणून तो चालू लागतो आणि पाच मिनिटांत परत येतो. गृहीतच बदलले की त्यावर रचलेले सल्ले काही ठिकाणी तसेच चालतात, काही ठिकाणी लंगडतात आणि काही ठिकाणी चक्क उलटे होतात. कुठे काय होते हे नीट वेगळे करून पाहायचे, एवढाच या पुस्तकाचा उद्योग आहे.

खेळ मुळात जपानचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक मिळणे जवळपास अशक्य झाले, पण बंदुकांचे वेड काही गेले नाही. आधी न उडणाऱ्या हुबेहूब प्रतिकृती आल्या, मग १९७० आणि ८०च्या दशकांत हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने हलके छर्रे सोडणाऱ्या. सुरुवातीच्या स्वयंचलित बंदुकांना बाहेरून नळीने गॅस पुरवावा लागे आणि टाकी पाठीवर वागवावी लागे. असे लटांबर घेऊन कुणी बगलेवरून धावून जाणार नाही. १९९१ साली तोक्यो मारुई कंपनीने फामास या फ्रेंच रायफलीची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. आत बॅटरी, मोटर, दातेरी चाके आणि दट्ट्या. टाकी गेली, नळी गेली, माणूस मोकळा झाला. नळीच्या मागच्या टोकाशी रबराचा एक उंचवटा बसवून छर्‍याला उलटी गिरकी देण्याची युक्ती रुळली, तिने पल्ला वाढला. मग २००६च्या कायदेदुरुस्तीने जपानने ऊर्जेची कमाल मर्यादा ०.९८ ज्यूलवर बांधली. त्यामुळे तिथे पैसे मोजून जास्त ताकदीची बंदूक घेण्याची वाटच बंद झाली आणि जिंकायचे तर पाय आणि डोके वापरणे भाग पडले. जपानी संघ इतके शिस्तीत का खेळतात याची पुष्कळ कारणे सांगितली जातात. मला हे एक पुरेसे वाटते.

तोक्योला लागून असलेल्या चिबा प्रांतात या खेळाची मैदाने पुष्कळ आहेत. तिथला आवडता प्रकार म्हणजे झेंड्याचा डाव. दोन टोकांना दोन झेंडे, जो संघ समोरच्याच्या झेंड्याशी पोचून तिथला भोंगा वाजवेल तो जिंकला. डाव दहा-पंधरा मिनिटांचा, आणि बऱ्याचदा बाद झालेल्याला त्या डावात परत येता येत नाही. ब्रिटनमधल्या जंगली मैदानांवर वेगळी रीत दिसते. एक संघ चढाई करतो, दुसरा बचाव करतो, बाद झालेला ठरलेल्या जागी परत जाऊन पुन्हा उतरतो आणि मग बाजू बदलतात. युरोप-अमेरिकेत याहून लांब, दिवसरात्र चालणारे लष्करी थाटाचे खेळ होतात. त्यांत छर्रे मोजून मिळतात आणि जखमीला उचलून न्यावे लागते. एकाच बंदुकीने खेळले जाणारे हे तीन प्रकार म्हणजे डावपेचांच्या दृष्टीने तीन वेगळे खेळ आहेत. ‘चांगली चढाई कशी करावी’ असा मोघम प्रश्न विचारणाऱ्याला म्हणूनच मी आधी विचारतो की बाद झाल्यावर परत यायला किती वेळ लागतो.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. परत यायला लागणारा वेळ हीच या खेळातली मरणाची किंमत. समजा, संघात वीस जण आहेत. आघाडीवर पोचल्यावर प्रत्येक जण सरासरी चार मिनिटे टिकतो, आणि बाद झाल्यावर मागे जाऊन पुन्हा पुढे यायला त्याला चार मिनिटे लागतात. मग कोणत्याही क्षणी आघाडीवर वीस नव्हे, दहाच जण असतात. उरलेले दहा रस्त्यावर आहेत. आता त्या मैदानावर वैद्याचा नियम असेल, म्हणजे एखादा सोबती येऊन हातावर पट्टी बांधून जागच्या जागी उठवू शकत असेल, तर चार मिनिटांचे एक मिनिट होते आणि आघाडीवर सोळा माणसे दिसू लागतात. एकही नवा खेळाडू न आणता सहा माणसे वाढली. पट्टी बांधायला जो मागे राहतो त्याच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत, नेमबाजाच्या येतात. पण आकडे पट्टी बांधणाऱ्याच्या बाजूने आहेत.

चढाई करणाऱ्यांच्या नशिबी इथे आणखी एक अडचण येते. ते जसजसे पुढे सरकतात तसतशी त्यांची परतीची वाट लांबते, आणि बचाव करणारे मागे रेटले जातात तसतशी त्यांची आखूड होते. म्हणजे चढाई यशस्वी होऊ लागली की आपोआप अशक्त होते. शेवटच्या पन्नास मीटरवर तासभर अडकून पडलेले संघ याच गणिताचे बळी असतात. तिथे दिसणारे दृश्य नेहमीचे आहे. माणूस बाद होतो, मागे जातो, उत्साहाने धावत येतो, एकटाच पुढे होतो, पुन्हा बाद होतो. त्याच्यामागून दुसरा. थेंब थेंब पाणी तापल्या तव्यावर टाकावे तसे.

याला उतारा म्हणजे थांबणे. परतीच्या जागी पाच-सहा जण जमेपर्यंत कुणी हलायचे नाही, मग सगळ्यांनी एकदम निघायचे. नव्या खेळाडूला हे पटत नाही, कारण तीन मिनिटे नुसते उभे राहण्यासाठी त्याने तिकीट काढलेले नसते. त्याच्यासाठी फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचे सूत्र उपयोगी पडते. मोटारी बनवणाऱ्या या माणसाने पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानयुद्धाचा विचार करताना मांडले, की दोन्ही बाजूंच्या प्रत्येकाला समोरच्या प्रत्येकावर मारा करता येत असेल, तर फौजेचे बळ संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावे. दहा विरुद्ध दहा, नेम सारखाच, तर बरोबरी. पण त्यातले एका बाजूचे दहा जण पाच-पाचच्या दोन तुकड्यांनी आले तर? पहिल्या तुकडीनंतर शंभरातून पंचवीस वजा, उरले पंच्याहत्तर, दुसरीनंतर पन्नास. पन्नासचे वर्गमूळ सात. म्हणजे समोरचे दहापैकी सात जण शाबूत, आणि आपले दहाच्या दहा बाद. एकेक करून आले तर निकाल याहून वाईट. हे सूत्र अरुंद बोळात किंवा दारात लागू पडत नाही, कारण तिथे सगळ्यांना एकदम मारा करता येत नाही. म्हणूनच थोडे लोक असतील तर बोळ गाठावा आणि पुष्कळ असतील तर मोकळे रान, हा जुना शहाणपणाही त्याच सूत्रातून बाहेर पडतो.

आता प्रत्यक्ष चढाई. एकाने मारा करायचा, दुसऱ्याने सरकायचे, मग अदलाबदल. एनसीसीच्या शिबिरात फील्डक्राफ्टचा तास झालेल्या कुणालाही हे माहीत असते. भारतीय पायदळाचा सेक्शन दहा जणांचा. त्यात हलकी मशीनगन सांभाळणारा एक गट आणि रायफलवाल्यांचा दुसरा, आणि एक खिळवून ठेवतो तेव्हा दुसरा हलतो. रचना एअरसॉफ्टमध्ये जशीच्या तशी चालते, पण तिचे इंजिन बदलते. खऱ्या लढाईत मशीनगनचा मारा सुरू झाला की माणूस भीतीने डोके खाली घालतो. इथे छर्रे पाचोळ्यावर तडतडतात आणि समोरचा खेळाडू हसत त्यांच्याकडे बघतो. त्याला खिळवायचे तर त्याच्या आडोशाच्या ज्या कडेने तो डोकावतो, नेमक्या त्या कडेवर सतत छर्रे पडत राहिले पाहिजेत. चारही दिशांना फवारा उडवणे म्हणजे बॅटरी आणि पैसे दोन्हींचा अपव्यय. मारा थांबला की दोन सेकंदांत तो डोकावणार, आणि तुम्ही छर्‍यांची पेटी बदलत असाल तेव्हा तर नक्कीच. म्हणून मारा करणारे दोघे हवेत, आणि दोघांच्या पेट्या एकाच वेळी रिकाम्या होता कामा नयेत. हे ठरवून करावे लागते. आपोआप झालेले मी तरी पाहिलेले नाही.

मोकळ्या पट्ट्यातून पलीकडे जायचे असेल तेव्हा सुरुवातीचा तो सेकंद कामाला येतो. चाळीस मीटरवर बसलेल्या नेमबाजाने तुम्हाला पाहिले, चाप ओढला, छर्रा येऊन पोचला, तोवर सव्वा-दीड सेकंद गेला. सहा मीटरचा पट्टा ओलांडायला तेवढाच वेळ पुरतो. त्यामुळे पहिला धावणारा सहसा पोचतो. दुसरा सापडतो, कारण आता नेमबाजाची बंदूक त्याच पट्ट्यावर रोखलेली आहे आणि बोट चापावर आहे. तिसऱ्याची तर तो वाटच पाहतो. ‘एकामागून एक जा’ हा ऐकायला शहाणा वाटणारा हुकूम इथे घातक ठरतो. जायचे तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर दुसऱ्याने दुसऱ्याच ठिकाणाहून. दहा मीटरवरच्या खोल्यांच्या खेळात हे सगळे बाद होते. तिथे छर्रा इतक्या पटकन पोचतो की धावण्यापेक्षा कोपरा हळूहळू कापत जाणे बरे. भिंतीपासून हातभर लांब राहून, पावलागणिक आतली थोडी थोडी जागा दिसेल असे सरकायचे, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांशी एकदम गाठ पडत नाही.

बगलेवरून जाण्याचे कौतुक सर्वांनाच असते, पण कशासाठी जायचे हे थोड्यांना कळते. आडोसा एका बाजूचाच असतो. झाडाच्या बुंध्यामागे बसलेला माणूस समोरून सुरक्षित आणि काटकोनातून उघडा. म्हणून बगलेचा गट थेट मागे जाऊन पोचण्याची गरज नाही; समोरच्या माऱ्याशी काटकोन झाला की काम झाले. उलट पार मागे गेलात तर तुमच्याच लोकांचे छर्रे तुमच्या अंगावर येतात. शिवाय बगलेचा गट रानात हरवतो, उशिरा पोचतो, आणि तोपर्यंत समोरच्या गटाचे छर्रे संपलेले असतात. वेळ ठरवून निघा, आणि निघण्यापूर्वी घड्याळे जुळवा. जुन्या युद्धपटांतला तो प्रसंग कंटाळवाणा वाटला तरी त्यात तथ्य आहे.

उरले बोलणे. ‘तिकडे आहे, तिकडे!’ या आरोळीतून कुणालाही काही कळत नाही, आणि मैदानावर सर्वात जास्त ऐकू येणारे वाक्य हेच. आधी दिशा, मग अंतर, मग काय दिसले: ‘दोन वाजता, तीस मीटर, पडक्या भिंतीमागे दोघे.’ घड्याळाच्या काट्यांनी दिशा सांगण्याची पद्धत एनसीसीतही शिकवतात. फक्त बारा वाजता कुठे हे आधी ठरलेले हवे, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या नाकासमोर बारा धरतो. मराठी मुलांच्या संघाला परदेशी मैदानांवर इथे एक आयता फायदा मिळतो. ते मोठ्याने बोलले तरी समोरच्याला कळत नाही. बर्मिंगहॅममध्ये तो फायदा जरा जपून धरावा.

बचावाबद्दल आता थोडे सविस्तर, कारण बचाव म्हणजे बसून राहणे असा समज फार पसरलेला आहे. अर्नेस्ट स्विंटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बोअर युद्धाच्या अनुभवावरून १९०४ साली ‘द डिफेन्स ऑफ डफर्स ड्रिफ्ट’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. एका कोवळ्या लेफ्टनंटला पन्नास माणसे देऊन नदीचा एक उतार सांभाळायला ठेवले आहे. त्याला एकापाठोपाठ सहा स्वप्ने पडतात, जागा तीच, शत्रू तोच, आणि पहिल्या पाचांत तो प्रत्येक वेळी वेगळी चूक करून हरतो. पहिल्यांदा तो बचावाचे काम उद्यावर ढकलून नीटनेटका तळ ठोकतो. पुढे सरळ रेषेत खंदक खणतो, तर शत्रू त्या रेषेच्या टोकाशी येऊन तिच्या लांबीभर मारा करतो. सहाव्या स्वप्नात तो नदीच्या पात्राचाच खंदक करतो आणि माणसे अशी लपवतो की शत्रू बेसावध जवळ येतो. एअरसॉफ्टच्या कोणत्याही संघनायकाला मी आधी हे पुस्तक देईन आणि नंतर बंदूक.

त्यातून घ्यायचे ते एवढेच, की जी वस्तू राखायची तिच्यावर बसू नये. झेंड्याभोवती कोंडाळे करून बसलेला संघ शत्रूचे काम सोपे करतो. सगळी माणसे एका जागी सापडतात आणि चढाई करणाऱ्याला कुठून यायचे ते निवडता येते. राखायच्या असतात त्या झेंड्याकडे येणाऱ्या वाटा. टेकडी असेल तर माथ्यावर उभे राहू नये. माथ्याच्या अलीकडे, आपल्या उतारावर थोडे खाली बसावे. माथा ओलांडणारा प्रत्येक शत्रू आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा दिसतो, आणि त्याच्या पलीकडच्या सोबत्यांना तुम्ही दिसत नाही. लँचेस्टरचे सूत्र इथे तुमच्या बाजूने काम करते. खोलीत बसताना खिडकीशी जाऊ नये, खोलीच्या आत खोल अंधारात बसावे. दाराच्या समोर नव्हे, दोन बाजूंना दोघे, दोघांचे मारे उंबऱ्यावर एकमेकांना छेदतील असे.

दबा धरण्यात घाई सर्वात वाईट. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरून कोकणात निघाली तेव्हा उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या माणसांनी तिला अरुंद वाटेत पूर्ण शिरू दिले, मग पुढची आणि मागची वाट अडवली. खानाला शरण येऊन, सामान टाकून जीव घेऊन जाण्याची मुभा मागावी लागली. त्या प्रसंगाचे नाव मैदानावर अभिमानाने घेणारे बरेच भेटतात, पण वाटेवरचा पहिला माणूस दिसताच चाप ओढतात. पहिल्याला जाऊ द्या. तो वाटाड्या आहे. त्याच्यामागे रांग आहे, आणि रांगेचा मधला भाग समोर आल्याखेरीज दबा धरण्याला अर्थ नाही.

राखीव माणसे हा बचावातला सर्वात नावडता विषय. दहापैकी दोघे-तिघे मागे, काही न करता, कुठे खिंडार पडते याची वाट पाहत बसलेले. बहुतेक संघ ही चैन आपल्याला परवडत नाही म्हणतात आणि मग एका बगलेवर तीन शत्रू घुसले की सगळा बचाव त्यांच्याकडे तोंड फिरवतो, मूळ आघाडी उघडी पडते. राखीव ठेवलेल्यांनी खिंडार बुजवायचे असते, बाकीच्यांनी हलायचे नसते. बाद झालेले बचाववीर जवळच परत उतरत असतील तर तेच राखीव दल होते, पण तेही जमून निघाले तर.

ज्या गोष्टीवर हा सगळा डोलारा उभा आहे ती डावपेचांत मोडत नाही. पेंटबॉलमध्ये रंग फुटतो आणि पुरावा राहतो. एअरसॉफ्टमध्ये अंगावर काही उमटत नाही. लागले हे ज्याला लागले त्यानेच सांगायचे. पंच असतात, पण रानात ते किती जणांकडे बघणार? समोरचा हिट मान्य करत नाही असे वाटले तर बऱ्याच खेळाडूंची पहिली प्रतिक्रिया आरडाओरडा करण्याची असते, आणि तिथे त्यांचा डाव बिघडतो. चाळीस मीटरवरून, जाड जॅकेटवर, पळताना छर्रा लागल्याचे खरोखर कळत नाही. जागा बदला, जवळ जा, पुन्हा मारा. वारंवार होत असेल तर पंचाला सांगा. याची दुसरी बाजूही पाळावी लागते. बाद झालेला माणूस बोलत नाही. लाल फडके डोक्यावर टाकून परत जाताना ‘त्या भिंतीमागे तिघे आहेत’ असे सोबत्याच्या कानात सांगणे ही सर्रास चालणारी लबाडी आहे.

सुरक्षेवर स्वतंत्र प्रकरण आहे, तरी इथेही सांगतो. एक ज्यूलचा छर्रा कातडीवर लाल वळ उठवतो; डोळ्यात गेला तर डोळा जातो. चेहऱ्याला घट्ट बसणारा, आघात सोसण्याच्या मानकाचा चष्मा मैदानात शिरण्यापूर्वी चढतो आणि बाहेर पडल्यावरच उतरतो. आत काच धुक्याने भरली तरी काढायचा नाही; ओरडून खेळ थांबवा, हाताला धरून बाहेर न्यायला सांगा. बंदुकीचा वेग मैदानावर यंत्राने मोजून घ्या, आणि तो मोजताना खेळात जो छर्रा वापरणार तोच भरा. वजन बदलले की आकडा बदलतो.

कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये २००६च्या हिंसक गुन्हे प्रतिबंध कायद्यामुळे हुबेहूब प्रतिकृती विकत घ्यायला सबळ कारण दाखवावे लागते. रूढ मार्ग म्हणजे एका मैदानावर किमान ५६ दिवसांच्या अवधीत तीन खेळ खेळून नोंदणी करणे. तोपर्यंत निम्म्याहून अधिक भाग भडक रंगाचा असलेली बंदूक, नाहीतर मैदानावरची भाड्याची. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि २०१६चे शस्त्र नियम वाचल्याशिवाय, सीमाशुल्क खात्याला विचारल्याशिवाय परदेशातून येताना असली वस्तू पेटीत घालू नये. आणि कुठल्याही देशात ती उघड्यावर हातात धरून फिरू नये. दुरून पाहणाऱ्या पोलिसाला ०.२ ग्रॅमचा हिशेब दिसत नाही. पुण्या-मुंबईजवळच्या रिसॉर्टांतून पेंटबॉल खेळता येतो. या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी तिथेही चालतील, फक्त पल्ले कमी धरावेत आणि झुडपांचा भरवसा थोडा वाढवावा, कारण रंगाची गोळी फांदीला लागूनच फुटते.

शेवटी स्नायपरबद्दल, कारण पहिला प्रश्न तोच येतो. प्रत्येक नव्या संघात किमान दोघांना स्नायपर व्हायचे असते. अंगावर पानांचा झगा, हातात लांब नळीची बंदूक, तासन् तास एकाच जागी पडून राहणे, हे सगळे फोटोंत शोभते. ब्रिटनसारख्या देशांत एकेक छर्रा सोडणाऱ्या बंदुकीला जास्त ऊर्जेची मुभा आहे, तरी तिचा खरा पल्ला साध्या बंदुकीपेक्षा थोडाच जास्त भरतो, आणि जास्त ताकदीमुळे जवळच्या माणसावर ती चालवता येत नाही. त्यामुळे जवळ आलेल्या शत्रूपुढे तो पिस्तूल काढतो किंवा पळतो. बारा जणांच्या संघात अशा माणसाचा खरा उपयोग डोळे म्हणून होतो: वाटेवर कोण, किती, कुठे चालले, हे रेडिओवर शांतपणे सांगत राहणे. हे काम मनापासून करणारा मिळाला तर त्याला झगा जरूर घालू द्या. बाकीच्यांसाठी या पुस्तकात अर्धे पान ठेवले आहे, तेही परिशिष्टात.